वर्गाचे साप्ताहिक वार्तापत्र

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत वर्गशिक्षिका दर आठवड्याला पालकांना एक-दोन पानांचे पत्र पाठवतात, ते वर्गाचे वार्तापत्र. बोलताना सगळे ‘न्यूजलेटर’च म्हणतात. या आठवड्यात काय शिकवले, पुढच्या आठवड्यात काय येणार, घरी कशाचा सराव घ्यायचा, सहलीचा कोणता फॉर्म सही करून परत पाठवायचा, एवढा त्यातला मजकूर. बालवर्गापासून पाचवीपर्यंत ही रीत आढळते. तिसरीत, म्हणजे ८-९ वर्षांच्या मुलांच्या वर्गात, तिला विशेष महत्त्व येते, म्हणून ही नोंद तिसरीपुरती ठेवली आहे.

पत्र दर आठवड्यालाच निघाले पाहिजे असा कायदा नाही. ही शिक्षकांनी रूढ केलेली प्रथा आहे. झेरॉक्स सर्वत्र पोचण्याआधी जांभळ्या शाईच्या, हाताने फिरवायच्या यंत्रावर अशी पत्रके निघत. पुढे गुरुवारी किंवा शुक्रवारी घरी जाणारी फाइल आली. तपासलेले पेपर, चित्रे, सूचना आणि वार्तापत्र हे सगळे त्या ‘फ्रायडे फोल्डर’मध्ये. पालकांनी ते रिकामे करून सोमवारी परत पाठवायचे. आता बरेचसे ई-मेलवर किंवा क्लासडोजो, सीसॉ यांसारख्या अॅपवर जाते. कागद कमी झाला, पण फोल्डरची एक सोय त्याबरोबर गेली. मुलाच्या हातची चुकलेली वजाबाकी आणि त्याच आठवड्याचे पत्र पालकांपुढे एकत्र येत असे. अॅपवर ती दोन वेगळ्या ठिकाणी पडतात.

तिसरीलाच महत्त्व का, याचे एक कारण वाचनात आहे. वाचन शिकण्याचा काळ आणि वाचनातून इतर विषय शिकण्याचा काळ यांची सीमा हार्वर्डच्या वाचन-अभ्यासक जीन चॉल यांनी तिसरी-चौथीच्या आसपास दाखवली. पुढे धोरणकर्त्यांनी या सीमेवर कायदे बेतले. फ्लोरिडाने २००२ मध्ये, तर मिसिसिपीने २०१३ मध्ये तिसरीच्या शेवटी वाचनात मागे असलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. मिशिगननेही २०१६ मध्ये तसे केले आणि २०२३ मध्ये मागे घेतले. शिवाय २००२ पासूनच्या संघराज्यीय कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताची राज्य परीक्षा बंधनकारक केली. २०१५ च्या नव्या कायद्यातही ती कायम राहिली. म्हणजे मुलाच्या आयुष्यातली पहिली सरकारी परीक्षा तिसरीच्या वसंतात येते. जानेवारीपासून वार्तापत्रांचा सूर बदलतो तो यामुळे. परीक्षेच्या तारखा, वेळेवर झोप, सकाळचा नाश्ता यांच्या ओळी वाढतात आणि वर्गात वाचल्या जाणाऱ्या गोष्टींची जागा आक्रसते. ही अदलाबदल मुलांच्या हिताची नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गणितात तर पत्राशिवाय पालकांना वाट सापडत नाही. २०१० मध्ये आलेल्या आणि बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेल्या कॉमन कोअर या अभ्यास-निकषांनुसार तिसरी संपेपर्यंत एकअंकी संख्यांचे सगळे गुणाकार तोंडपाठ हवेत. पण तिथे पोचण्याची वाट पाढे घोकण्याची नाही. मूल आधी समान गट करते, मग ठिपके आडव्या ओळींत आणि उभ्या रांगांत मांडते, मग आयताचे तुकडे पाडते. ७ × ६ साठी ते ५ × ६ आणि २ × ६ वेगळे काढते, ३० आणि १२ ची बेरीज करते. ‘सात सक बेचाळीस’ म्हणत मोठे झालेले आईबाबा न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या जेवणाच्या टेबलाशी बसतात तेव्हा इथेच अडतात. उत्तर बरोबर आले, तरी मूल म्हणते, “आमच्या टीचर असं नाही करत.” चांगल्या वार्तापत्रात अशा वेळी आयताची एक आकृती आणि दोन ओळींचा खुलासा असतो. मग पालक आपला पाढाही म्हणवून घेऊ शकतात आणि मुलाची मांडणीही मोडत नाहीत. पाढ्याने वेग येतो, मांडणीने कारण कळते, आणि मुलाला दोन्ही हवे आहे.

अपूर्णांकांचेही असेच. तिसरीत छेद २, ३, ४, ६ आणि ८ एवढेच ठेवतात. पोळीच्या तुकड्यांबरोबर संख्यारेषेवरचा बिंदू म्हणूनही अपूर्णांक दाखवतात. जोडीला क्षेत्रफळ, परिमिती, मिनिटापर्यंत घड्याळ. विज्ञानात चुंबक, बल, प्राण्यांची जीवनचक्रे, हवामान. कॅलिफोर्नियात समाजशास्त्राचा विषय आपल्या गावाचा इतिहास हा असतो. बालभारतीची तिसरीची परिसर अभ्यासाची पुस्तके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल, कारण तीही जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी काढलेली आहेत.

पत्राचा खरा उपयोग संध्याकाळी दिसतो. “आज शाळेत काय केलं?” या प्रश्नाला आठ वर्षांचे मूल जगात कुठेही “काही नाही” असेच उत्तर देते. “चुंबकाला कागदाआडून टाचणी ओढता आली का?” असे विचारले की बोलणे अर्धा तास चालते. म्हणून अनुभवी शिक्षिका पत्राच्या शेवटी ‘घरी हे विचारा’ असे दोन-तीन प्रश्न देतात. सूचनांनी भरलेल्या दोन पानांपेक्षा ते प्रश्न मोलाचे आहेत. कुटुंब-शाळा संबंधांवर दीर्घकाळ काम केलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉयस एप्स्टीन यांनी पालकसहभागाचे सहा प्रकार सांगितले. त्यांत शाळेने घराशी संवाद ठेवणे आणि घरी शिकणे हे दोन वेगळे प्रकार आहेत. ‘घरी हे विचारा’मधले प्रश्न त्या दोन्हींना जोडतात.

एका मुलाचे गुण, वर्तन किंवा आजार साऱ्या वर्गाच्या पत्रात जात नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता १९७४ च्या कायद्याने जपली आहे. छायाचित्रांसाठी शाळा वर्षाच्या सुरुवातीलाच संमतिपत्र घेतात. इंग्रजी न येणाऱ्या पालकांना महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत देणे ही शाळांची जबाबदारी आहे. स्पॅनिशमधली पत्रे त्यामुळे सर्रास दिसतात. मराठी आजी-आजोबांना मात्र घरातल्या कुणीतरी वाचून सांगावे लागते किंवा यंत्राच्या भाषांतरावर भागवावे लागते. मुलांना शाळेतून आणायला कितीतरी घरांत तेच जातात, हे लक्षात घेतले तर ही उणीव लहान नाही.

महाराष्ट्रात या पत्राचे काम अनेक ठिकाणी विखुरले आहे. दैनंदिनीतला निरोप, पालकसभा, सत्राअखेरचे प्रगतिपत्रक आणि आता वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याने ‘स्वाध्याय’ उपक्रमातून व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला प्रश्नसंच पाठवले. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणे आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या येणे हे लक्ष्य ठेवले. गावोगावच्या माता पालक गटांत त्यासाठी घरच्या घरी करायच्या कृती दिल्या जातात. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र येतो तो बहुधा गृहपाठ लिहिलेल्या फळ्याचा फोटो. पुढच्या सोमवारी भागाकार सुरू होणार आहे, घरी शेंगदाण्यांचे सारखे वाटे करून पाहा, अशी एक ओळ शनिवारी आली तर ती निरक्षर आजीलाही मोठ्याने वाचून दाखवता येते, आणि शेंगदाणे तिच्याच डब्यात असतात.