पंजे बरे झाले, तरी रानात परतता येत नाही

डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात ‘थॉमस’ वणव्यात २ लाख ८० हजार एकरांहून अधिक मुलूख होरपळला. त्यातून प्यूमाचा, म्हणजे तिथल्या पहाडी सिंहाचा, पाच महिन्यांचा बछडा आणि दोन मादी अस्वलं जिवंत सापडली. तिघांचेही पंजे भाजलेले.

रानटी जनावराची रोज मलमपट्टी कशी करणार? दर वेळी भूल द्यावी लागते, आणि साधी पट्टी ओरबाडून गिळली तर आतडी तुंबतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्य जेमी पेटन यांना तोड सापडली ब्राझीलमध्ये. तिथले डॉक्टर भाजलेल्या माणसांवर तिलापिया माशाची कातडी लावत होते. आपल्या उजनी धरणातला चिलापी तो हाच. त्याच्या कातडीत कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, भरपूर असतं. ती जखमेतला ओलावा टिकवते, ठणका कमी करते, आणि जनावरानं खाल्ली तरी बिघडत नाही. निर्जंतुक केलेली ही कातडी भाजलेल्या पंजांवर बसवली. मला या उपचाराचं फार कौतुक वाटतं: टाकून द्यायची कातडी, आणि केवढा आराम!

जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही अस्वलं लॉस पाद्रेसच्या जंगलात परतली. बछड्याला मात्र सोनोमा परगण्यातल्या वन्यजीव बचाव केंद्रात पाठवलं.

कारण जखम नव्हे, वय. प्यूमाचं पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईच्या मागे फिरतं. झडप घालण्याची ऊर्मी उपजत असते. पण हरणाच्या किती जवळ सरकायचं, मान कुठे धरायची, उरलेली शिकार पालापाचोळ्याखाली कशी झाकायची, हे आईसोबत राहूनच अंगवळणी पडतं. प्यूमा एकटा राहणारा प्राणी, त्यामुळे चुकलं तर भागवून घ्यायला कळप नसतो. शिवाय माणसाच्या हातून खाल्लेलं पिल्लू भूक लागली की वस्तीकडे वळण्याची भीती असते. म्हणून पिंजरा पाहून ‘सोडा त्याला’ म्हणावंसं वाटलं, तरी ते सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणंच ठरेल.

जुन्नर भागात ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं नेमका हाच विचार करतात. पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच फडाजवळ ठेवली जातात आणि पुष्कळदा रात्रीतून आई त्यांना घेऊन जाते. वणव्यानंतर हा मार्गही उरत नाही, कारण जळालेल्या डोंगरात आईचा माग काढणार कुठे?