मे महिन्याचं ऊन आणि मामांचं सोलर

निफाडचे आमचे मामा दुपारचं जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतात, बाकीचे रील्स बघतात, हे सोलरचं ॲप बघतात. पत्र्याच्या छपरावर 3 किलोवॅटचं सोलर बसवून दीड वर्ष झालं तरी नवलाई ओसरलेली नाही. मे महिन्यात एकदा भर दुपारी फोन, "अरे हे बोगस निघालं रे. फेब्रुवारीत साडेबाराला 2.4 किलोवॅट दाखवायचं, आता बाहेर पाय ठेववत नाही एवढं ऊन आणि हा 2.1 दाखवतोय!"

मामांचं काही चुकलं नाही, निम्म्या नाशिकला असंच वाटतं. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त. पण ऊन म्हणताना आपण दोन गोष्टींची खिचडी करतो, एक उजेड आणि दुसरी उष्णता. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णतेचा त्याला त्रासच होतो. (मेमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर येतो आणि 20 अंश तिरक्या पॅनलवर जरा तिरका पडतो, तेही थोडं आहे, पण खरी भानगड उष्णतेची.)

पॅनलच्या मागे जे वॅट छापलेले असतात ते सेलचं (पॅनलमधल्या एकेका चौकोनाचं) तापमान 25 अंश असतानाचे. आता छपरावर 25 अंश मे महिन्यात कुठून आणणार? पॅनलवर पडलेल्या उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा वीज होतो, थोडा परावर्तित होतो आणि उरलेलं सगळं पॅनललाच तापवतं. हवा 40 असेल तर सेल आरामात 65 ला जातो. साध्या सिलिकॉन पॅनलची पॉवर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घटते, 25 च्या वरच्या 40 अंशांचे झाले 14 टक्के. फेब्रुवारीत सेल एवढा तापत नाही म्हणून घटही कमी, मामांचा बराचसा हिशोब तिथंच लागतो.

पण घटते का, हे मला लई आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन अणूशी बांधलेला असतो, त्याला सोडवायला 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा घेऊन फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, आला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. सेलमध्ये दोन थर असतात, त्यांच्या सांध्यावर तयार झालेलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकीकडे ढकलतं आणि रिकाम्या जागांना दुसरीकडे. दोन्हीकडे गर्दी साठते, ती गर्दी म्हणजेच व्होल्टेज.

आता गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा, तिच्या बुडाला भोक आहे आणि वरून नळ चालू आहे. पाणी कुठवर चढेल? जेवढं वरून येतंय तेवढंच खालून गळायला लागेल तिथवर. नळ म्हणजे ऊन, पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज आणि भोक म्हणजे सुटलेले इलेक्ट्रॉन सांधा ओलांडून पुन्हा रिकाम्या जागेत जाऊन पडतात ती गळती. तापमान वाढलं की हे भोक मोठं होतं. कारण सिलिकॉनमध्ये उजेड नसतानाही नुसत्या उष्णतेने काही इलेक्ट्रॉन सुटत असतात, त्यांची संख्या दहाएक अंशांना जवळपास दुप्पट होते, आणि गळती तर त्या संख्येच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. नळ तोच, भोक मोठं, पातळी खाली. एका सेलमागे प्रत्येक अंशाला साधारण 2 मिलिव्होल्ट. ऐकायला चिल्लर वाटते पण बऱ्याच पॅनलमध्ये एकापुढे एक 72 सेल जोडलेले असतात, 40 अंशांना गुणा, पावणेसहा व्होल्ट गेले की नाही? करंट गरमीत अगदी किंचित वाढतो खरा, पण हा खड्डा त्याने भरत नाही. हे सगळं फोनवर सांगितल्यावर मामा म्हणाले, "बरं बरं, म्हणजे कंपनी चोर नाही ना?" बास.

दिवसाचे युनिट मात्र मेमध्ये तेवढे घटत नाहीत, दिवस मोठा असतो ना. स्वच्छ उन्हात 3 किलोवॅटचे दिवसाला 12 च्या आसपास युनिट धरायला हरकत नाही. केंद्राच्या फेब्रुवारी 2024 च्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे. इकडं नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॅटचे तीन संच, त्यांना कोळसा रोज लागतो, रोज विकत. पॅनलचा खर्च एकदाच अंगावर येतो, नंतर इंधनाचं बिल नाही, सगळ्या स्वच्छ तंत्रज्ञानाचं अर्थकारण बरंचसं इथं आहे. द्राक्षवाल्याला तर सोलर पंपाचा फायदा आकड्यात सांगावा लागत नाही, तो दिवसाच चालतो, नाहीतर रात्री बाराला लाईट आली म्हणून उसाच्या कडेने बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचं, आणि निफाडच्या उसात बिबट्या असतो हे काय वेगळं सांगायला पाहिजे का!

तरी "25 वर्षं फुकट वीज" ही जाहिरात जपून ऐका, इन्व्हर्टर मध्येच बदलावा लागतो आणि पॅनलही दरवर्षी अर्धा टक्का वगैरे थकतं. आणि "सोलरमुळे पाऊस पळतो" हे फॉरवर्ड तर सरळ डिलीट करा, आधी हेच पवनचक्क्यांबद्दल म्हणायचे. पाऊस पळत नाही, उलट जूनमध्ये एक सर येऊन ढग फाटले तेव्हा मामांच्या ॲपवर पाच मिनिटं 2.7 आलं होतं, धूळ धुतली गेली, पॅनल गार झालं आणि ढगांच्या कडेवरून जादा उजेड पडला.

मामांच्या पॅनलची खरी चूक वेगळीच निघाली. बसवणाऱ्याने ती पत्र्याला जवळजवळ चिकटवली होती, खालून वारा जायला जागाच नाही. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा इंच उचलून घेतली. दुपारचा आकडा जरा सुधारला. त्या सहा इंचात आता कबुतरांनी घरटी केलीत आणि मामांचे फोन पुन्हा चालू झालेत.