डॉक्टरचं लेटर: हजेरीचा दाखला वेगळा आणि शिफारस वेगळी

अमेरिकेत डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिकल, कॉलेजांना अ‍ॅप्लाय करणाऱ्या आपल्या मुलांचा, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांचा, एक गोंधळ कायम दिसतो. "डॉक्टरचं लेटर मिळालं" म्हटलं की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण कुठलं लेटर मिळालं हे कोणी विचारतच नाही. डॉक्टर लोक दोन प्रकारची लेटरं देतात, दोन्ही लेटरहेडवर असतात, दोन्हींवर सही असते आणि दोन्हींत तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलेलं असतं, त्यामुळे घरी दोन्ही सारखीच वाटतात. एकात लिहिलेलं असतं की ही मुलगी माझ्याकडे येत होती. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की ही मुलगी कशी आहे ते मी बघितलंय. पहिलं शॅडोइंगचं (डॉक्टरच्या मागे राहून त्याचं काम नुसतं बघण्याचं), म्हणजे हजेरीचं. दुसरं शिफारसपत्र. अ‍ॅडमिशन कमिटीला दुसरं हवं असतं आणि अर्ध्या मुलांकडे पहिलंच असतं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. डीओ म्हणजे हाडांचा डॉक्टर नाही, डीओ हा अमेरिकेत एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर, औषधं लिहितो, ऑपरेशन करतो, सगळं करतो. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ वेगळा, तो फिजिशियन नसतो, त्याचं लेटर इथे चालवायला जाऊ नका. एमडी कॉलेजांचे अर्ज अ‍ॅमकासवरून जातात, डीओचे एकोमासवरून, आणि टेक्सासचं स्वतःचं वेगळंच पोर्टल आहे, फोर्ट वर्थचं डीओ कॉलेजसुद्धा त्यातच येतं.

आता हजेरीचं लेटर. समजा एखाद्या मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत एका फॅमिली फिजिशियनकडे ४० तास शॅडोइंग केलं. डॉक्टर भला माणूस, त्याने लिहून दिलं: अमुक अमुक हिने माझ्या क्लिनिकमध्ये ४० तास शॅडोइंग केलं, वेळेवर यायची, नम्र आहे, पेशंटशी आदराने वागली, ती उत्तम डॉक्टर होईल याची मला खात्री आहे. आता यात खोटं काहीच नाही. पण नाव बदललं तर हेच लेटर पुढच्या मुलाला चालेल, आणि बऱ्याचदा चालतंही, कारण क्लिनिकच्या मॅनेजरकडे टेम्प्लेट तयार असतं. आपल्याकडे गॅझेटेड ऑफिसरकडून कॅरेक्टर सर्टिफिकेट आणायचे तसं, "सदर उमेदवारास मी गेली तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो", आणि साहेबांनी उमेदवाराला आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं असायचं सही करताना, तेही चष्म्याच्या वरून. फरक इतकाच की तिकडे तो कागद फाईलला लागला की काम व्हायचं, इथे समोरचा माणूस तो खरोखर वाचतो.

आणि गंमत म्हणजे हजेरी सिद्ध करायला लेटरची फारशी गरजच नसते. एकोमासच्या फॉर्ममध्ये एक्सपिरियन्सचा वेगळा भाग आहे, तिथे तास टाकायचे, कुठे केलं ते टाकायचं, तिथल्या माणसाचा कॉन्टॅक्ट द्यायचा, झालं. म्हणजे ४० तास ही माहिती कमिटीकडे आधीच पोचलेली आहे, तेच लेटरमध्ये परत सांगून लेटरची एक जागा वाया घालवायची. कोविडच्या वेळी ऑनलाईन शॅडोइंग आलं, व्हिडिओ बघा, शेवटी क्विझ द्या आणि सर्टिफिकेट डाउनलोड करा, तो तर निव्वळ हजेरीचा कागद. ठेवा जपून, पण त्या स्क्रीनपलीकडच्या डॉक्टरने तुम्हाला ओळखलंय अशा भ्रमात राहू नका.

शिफारसपत्राचं पोट वेगळं असतं. एमडी कॉलेजांची जी संघटना आहे, एएएमसी, तिने लेटर लिहिणाऱ्यांसाठी सूचनाच काढल्यात, त्यात सुरुवातीलाच असं आहे की उमेदवाराला किती दिवसांपासून ओळखता, कुठल्या नात्याने ओळखता आणि जे सांगताय ते स्वतः बघितलंय की ऐकीव आहे ते लिहा. सूचना एमडीवाल्यांच्या असल्या तरी डीओवाला वाचकही हेच शोधतो. त्याच मुलीचं दुसरं लेटर बघू. समजा डॉक्टरने असं लिहिलं की एक आजी मानदुखी घेऊन आल्या होत्या, मी हाताने तपासताना मानेऐवजी आधी पाठीचा वरचा भाग आणि बरगड्या बघितल्या, पेशंट गेल्यावर हिने विचारलं की दुखतंय मान तर तुम्ही खालून का सुरुवात केली, मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पुढच्या आठवड्यात ती त्यावर वाचून आली आणि तिसराच प्रश्न घेऊन आली ज्याचं उत्तर मलाही शोधावं लागलं. आणि हो, त्या आजींना इंग्रजी कमी येत होतं तर ही पाच मिनिटं त्यांच्याशेजारी बसून त्यांची मुलगी येईपर्यंत गप्पा मारत होती, तिला कोणी सांगितलं नव्हतं. हे लेटर दुसऱ्या कोणाला चालणार नाही, नाव बदललं तरी.

आता या सगळ्यात डीओचा मुद्दा येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. डीओ कॉलेजांचे नियम एकसारखे नाहीत. काही म्हणतात डीओ डॉक्टरचंच लेटर पाहिजे, काही म्हणतात डीओ किंवा एमडी कोणीही चालेल, काही म्हणतात कंपल्सरी नाही पण असेल तर बरं. त्यामुळे प्रत्येक कॉलेजची वेबसाईट उघडून त्या वर्षीचा नियम वाचायचा, मागच्या वर्षी कोणाच्या तरी भावाने काय केलं ते विचारायचं नाही. बरं, डीओ शोधायचा तर अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांमध्ये डीओ साधारण नवात एक, म्हणजे ओळखीपाळखीत सहज सापडेल असं नाही. आपल्या लोकांच्या ओळखीत तर सगळे एमबीबीएस करून इकडे रेसिडेन्सी (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) केलेले, ते एमडीच्या रांगेतले. मग काय होतं, मुलगा घाईघाईने एक डीओ शोधतो, दोन दिवस जाऊन बसतो, तिसऱ्या दिवशी लेटर मागतो. मिळतं की लेटर, पण हजेरीचं. डिग्री बरोबर आली, आतला मजकूर गेला.

कॉलेजं डीओच्या लेटरसाठी का अडून बसतात हे कळलं तर काय मागायचं तेही कळतं. ऑस्टिओपॅथी सुरू केली अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने, पहिलं कॉलेज १८९२ साली मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात निघालं, आणि पुढे कितीतरी वर्षं एमडीवाले यांना बरोबरीचे मानायला तयार नव्हते. १९६२ मध्ये तर कॅलिफोर्नियात दोनेक हजार डीओंनी ६५ डॉलर भरून एमडी डिग्री घेतली, म्हणजे एका राज्यातला अख्खा पंथच जवळजवळ दुसऱ्यात विरघळला. आता २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यता पण एकाच छत्राखाली आलीय, एमडी आणि डीओ एकाच मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटायच्या प्रक्रियेत, उतरतात. मग डीओ कॉलेजच्या मनात एक प्रश्न कायम असतो, जो ते इंटरव्ह्यूला गोड शब्दांत विचारतात: तू आमच्याकडे आलास ते आम्ही आवडतो म्हणून, की तिकडे नंबर लागणार नाही म्हणून? डीओचं लेटर या प्रश्नाचं बाहेरच्या माणसाने दिलेलं उत्तर असतं. "४० तास आला होता" यात ते उत्तर नाही. हाताने करायची ट्रीटमेंट, ज्याला हे लोक ओएमटी म्हणतात, ती याने बघितली, त्यावर शंका काढल्या, काही गोष्टी पटल्या काही नाही पटल्या आणि तरी याला हेच करायचंय, असं डीओने लिहिलं तर ते उत्तर झालं.

मग एमडी ज्याने तुम्हाला नीट ओळखलंय आणि डीओ ज्याने ओझरतं बघितलंय, कोणाचं घ्यायचं? माझं मत सरळ आहे. जिथे डीओ कंपल्सरी आहे तिथे डीओचं लागणारच, त्यात हुशारी चालत नाही. जिथे दोन्ही चालतं तिथे ओळखणाऱ्या एमडीचं पाठवा, डोळे झाकून. तुम्ही ज्याच्याकडे वर्षभर स्क्राइबचं (पेशंट तपासताना डॉक्टरच्या नोंदी लिहून घ्यायचं) काम केलं त्या डॉक्टरने तुम्हाला थकलेलं, चिडलेलं, चुकलेलं आणि ते निस्तरताना बघितलेलं असतं, शॅडोइंगमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलाबद्दल बिचारा डॉक्टर लिहिणार तरी काय. खरंतर उत्तम म्हणजे डीओकडेच स्क्राइब किंवा मेडिकल असिस्टंटचं काम मिळवणं, दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात.

घरच्यांचं लेटर नको. आई डॉक्टर आहे, मामा पुण्यात एमडी मेडिसिन आहे, हे सगळं ठीक, पण नातेवाईकांचं लेटर कमिटी धरत नाही. आणि पुण्याचा एमडी हा एमबीबीएसनंतरचा, त्याने डीओची अट तर पूर्ण होत नाहीच, "फिजिशियनचं लेटर" म्हणून तरी चालेल का हे त्या कॉलेजला मेल करून विचारावं लागतं. त्याहून अवघड प्रकार म्हणजे मंडळातले काका. सख्खे नाहीत, खरेच डीओ आहेत (न्यूयॉर्कच्या एनवायआयटीमध्ये बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी डीओचा प्रोग्रॅम आहे, त्यातून झालेले आपले लोक सापडतात), पण तुम्हाला गणपतीच्या नाटकात बघितलंय, क्लिनिकमध्ये नाही. त्यांनी लिहिलं तर "हिला मी लहानपणापासून ओळखतो" असं येणार आणि वाचणाऱ्याला तिथेच कळणार. काकांकडे लेटर मागू नका, क्लिनिकमध्ये यायची परवानगी मागा, महिनाभर जा, मग बघू.

मागायची पद्धतही दोन्हींची वेगळी. हजेरीचं लेटर रिसेप्शनवर मागितलं तरी मिळतं. शिफारस समोर बसून मागायची आणि शब्द नीट वापरायचे, "माझ्याबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं लिहिता येईल एवढं तुम्ही मला बघितलंय का?" असं. डॉक्टर घुटमळले तर थँक्यू म्हणून विषय सोडायचा. बरेच डॉक्टर म्हणतात तूच ड्राफ्ट लिहून आण, मी सही करतो. मोह होतो, पण पोर्टलवर तुम्ही लेटर बघण्याचा हक्क सोडला म्हणून टिक करता आणि तेच लेटर स्वतः लिहिता, हे बरोबर नाही, शिवाय विशीतल्या मुलाची भाषा पन्नाशीच्या डॉक्टरच्या नावाखाली लगेच ओळखू येते. त्यापेक्षा एका पानावर आठवणी द्या: कुठले पेशंट (नावं अजिबात नाही), काय विचारलं होतं, डॉक्टरांनी काय उत्तर दिलं होतं, तुम्हाला डीओ का व्हायचंय. वाक्यं डॉक्टरची असू देत. आणि एखाद्या एका कॉलेजचं नाव लेटरमध्ये घालू नका असं आधीच सांगा.

एकोमासवर लेटर तुम्ही स्वतः अपलोड करू शकत नाही, डॉक्टरच्या ईमेलवर लिंक जाते आणि ती बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा क्लिनिकला फोन करून मेल आली का विचारायला लाजू नका. एकदा लेटर जमा झालं की ते काढून दुसरं टाकता येत नाही, म्हणून हजेरीचं लेटर "सध्या हे टाकून ठेवू" असं करू नका. लेटर यायच्या आधी अर्ज सबमिट करता येतो, त्यामुळे मे महिन्यात पोर्टल उघडलं म्हणून हाताशी असेल ते चिकटवायची गरज नाही. आणि वेळ खरंच गेली असेल, हातात फक्त ४० तासांवालं लेटर असेल, तर त्याच डॉक्टरकडे परत जा, आणखी काही दिवस बसू द्या म्हणा, या वेळी प्रश्न विचारा, आणि जुनं लेटर पोर्टलवर गेलं नसेल तर नवीन लिहाल का असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर ज्या कॉलेजांना एमडी चालतो ती यादीत वर घ्या.