पंचवीस मिलिलिटरमधली एक पेशी

पाणी लालसर दिसलं तर धोका आणि निळंशार दिसलं तर सगळं आलबेल, हा समज शिंपल्यांच्या शेतीत महागात पडतो. डायनोफायसिस हे सूक्ष्म शैवाल लिटरमागे दोनशे पेशी इतकं विरळ असलं, तरी शिंपल्यांत अतिसार घडवणारं ओकाडाइक आम्ल साठू लागू शकतं. तेव्हा पाण्याच्या रंगात काडीचाही फरक नसतो. मसल जातीचा शिंपला तासाला दोन लिटर पाणी गाळतो असं धरलं, तर दिवसाकाठी अशा सुमारे साडेनऊ हजार पेशी त्याच्या पोटात जातात. शिजवल्याने हे विष जात नाही.

म्हणून पाण्याचा नमुना घ्यायचा, तोही वरवर बाटली बुडवून नव्हे. डायनोफायसिस कधीकधी काही मीटर खोल, पातळ थरात दाटतं आणि वरची बाटली नेमकी त्यालाच चुकवते. दहा-पंधरा मीटर लांबीची, खाली वजन बांधलेली नळी दोन्ही तोंडं उघडी ठेवून सावकाश सोडावी. वरचं तोंड बंद करून खालचं टोक दोरीने ओढून घ्यावं, म्हणजे सगळ्या थरांचं पाणी हाती येतं. घाईने सोडलेल्या नळीत पाण्याचा स्तंभ नीट भरत नाही. ते पाणी बादलीत ओतून ढवळायचं आणि मगच बाटली भरायची, कारण पेशी तेवढ्यात तळाशी बसू लागतात.

बाटलीत पेशी टिकवणारं ल्युगॉलचं आयोडीन द्रावण घालतात, पाण्याला वाळल्या गवताचा रंग येईल इतकंच. जास्त झालं तर पेशी काळपट पडतात, कवचावरच्या खाचा दिसेनाशा होतात आणि जात ओळखता येत नाही. बाटली उजेडात राहिली तर आयोडीन उडतं आणि नमुना सडतो. रंग उतरलेला दिसला की पुन्हा थेंब घालायचे.

मग पंचवीस मिलिलिटर पाणी तळाला काच असलेल्या उभ्या कुपीत रात्रभर निवळत ठेवतात आणि उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे खालून पाहणाऱ्या यंत्राखाली, मोजतात. नमुना आधी खोलीच्या तापमानाला यायला हवा. फ्रिजमधून काढून थेट ओतला तर कुपीत प्रवाह सुरू होतात आणि पेशी एका बाजूला गोळा होतात. एरवी दोन-तीन पट्टे मोजून गुणाकार केला तरी भागतं. डायनोफायसिससाठी अख्खा तळ पाहावा लागतो.

कारण इथे एक पेशी म्हणजे लिटरमागे चाळीस. पाच दिसल्या की दोनशे. पण पाच पेशी सापडणं हा बराचसा योगायोगाचा भाग असतो: संख्याशास्त्राच्या हिशोबाने खरा आकडा साधारण ६५ ते ४७० यांमध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे ‘या आठवड्यात १२०, मागच्या आठवड्यात २००, उतार पडला’ हे वाक्य बहुतेक वेळा निरर्थक असतं. शंका असेल तर शंभर मिलिलिटर निवळत ठेवावं. वेळ जास्त लागतो, पण मग एक पेशी म्हणजे लिटरमागे चाळीसऐवजी दहाच.

मोजणी इशारा देते, पण शेत बंद करायचं की नाही ते अखेर शिंपल्याच्या मांसावर ठरतं. ओकाडाइक आम्लाच्या गटाची युरोपीय संघातली मर्यादा किलोमागे १६० मायक्रोग्रॅम आहे. मांस एकजीव वाटून दोन ग्रॅम घेतात आणि मिथेनॉलने दोनदा धुऊन अर्क वीस मिलिलिटरपर्यंत नेतात. मर्यादेवरच्या नमुन्याच्या मिलिलिटरभर अर्कात मग जेमतेम १६ नॅनोग्रॅम विष असतं. वाटण नीट झालं नाही तर निकालाला अर्थ नाही, कारण हे विष मुख्यतः पाचकग्रंथीत असतं.

खरी फसगत पुढे आहे. शिंपला या विषाला मेदाम्लं जोडतो आणि ते रूप विष मोजणाऱ्या यंत्राच्या नेहमीच्या मोजणीत दिसतच नाही. म्हणून अर्काचा एक भाग सोडियम हायड्रॉक्साइड घालून ७६ अंश सेल्सिअसवर ४० मिनिटं तापवतात. जोड तुटतो आणि लपलेलं विष मोजता येतं. छोट्या कुपीचं वजन तापवण्याआधी आणि नंतर करायचं. झाकण सैल असेल तर मिथेनॉल उडतं आणि अर्क घट्ट होऊन विष आहे त्याहून जास्त भासतं.

पाण्यात राळेच्या मण्यांच्या जाळीदार पिशव्या आठवडाभर टांगून विरघळलेलं विषही पकडता येतं. न्यूझीलंडमधल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली ही रीत मांडली. कल कळायला ती चांगली, पण मण्यांवरचं विष आणि मांसातलं विष यांचं ठरावीक गुणोत्तर नसतं. शिवाय या कामी नेहमी वापरली जाणारी राळ लकवा आणणाऱ्या सॅक्सिटॉक्सिनसारखं पाण्यात सहज विरघळणारं विष फारसं धरत नाही.

बंद केलेलं क्षेत्र युरोपीय संघात पुन्हा उघडायचं तर निदान ४८ तासांच्या अंतराने घेतलेल्या लागोपाठ दोन नमुन्यांचे निकाल मर्यादेखाली लागतात. पाणी निवळलं म्हणून शिंपला निवळला असं होत नाही. डोमोइक आम्ल हे शैवालाचं आणखी एक विष मसलमधून काही दिवसांत बाहेर पडतं, स्कॅलप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याच्या काही जातींत मात्र ते महिनोन्‌महिने टिकतं, तेव्हा शेजारशेजारच्या दोन शेतांच्या उघडण्याच्या तारखाही वेगळ्या येतात.