उन्हाने भाजलेली पेशी : जगवणारी आणि मारणारी जनुकं

जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की सगळी चर्चा उष्माघाताची. अतिनील किरणांचं गणित वेगळं आहे, ते तापमानावर चालत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि नेमकी तेव्हाच पूर्वहंगामी कपाशीची लागवड चाललेली असते. मानेवर, कानाच्या पाळीवर सालपटं निघतात ती याच किरणांमुळे.

या किरणांनी डीएनएतले शेजारशेजारचे थायमिन (डीएनएच्या चार मूळ घटकांपैकी एक) एकमेकांना चिकटतात, हे १९६० मध्ये कळलं. तो चिकटलेला तुकडा कापून जागा भरून काढणारी यंत्रणा १९६४ मध्ये जीवाणूंत सापडली. झेरोडर्मा पिग्मेंटोसम, म्हणजे ऊन सोसतच नाही असा आनुवंशिक त्वचारोग, झालेल्या रुग्णांच्या पेशींत हीच दुरुस्ती अडते, हे १९६८ मध्ये दिसलं. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नात आई-बाप दोघांकडून तीच सदोष प्रत येऊ शकते आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे, म्हणून घराण्याचा इतिहास विचारताना डॉक्टरांनी हा प्रश्न टाळू नये.

खरा घोळ झाला तो पी-५३ या जनुकाचा. त्याचं प्रथिन १९७९ मध्ये सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कर्करोग घडवणारं म्हणूनच मोजलं गेलं. कारण साधं होतं: प्रयोगांत वापरलेल्या प्रती बिघडलेल्या होत्या. काही गाठींत हे जनुक निकामीच झालेलं आहे, असे उलटे पुरावे १९८० च्या दशकाच्या मध्यालाच येऊ लागले होते, पण ते अपवाद म्हणून बाजूला पडले. १९८९ मध्ये निकाल फिरला. शाबूत पी-५३ गाठ रोखतं, हे तेव्हा मान्य झालं. इतका उशीर व्हायला नको होता, असं माझं मत.

कारण उन्हाने त्वचेचा कर्करोग कसा होतो, हे कोडं त्याच्यावाचून सुटतच नव्हतं. १९९१ मध्ये त्वचेच्या कर्करोगातल्या पी-५३ मध्ये अतिनील किरणांची खूण असलेले बदल सापडले. १९९४ मध्ये उंदरांवर दिसलं की हे जनुक नसेल तर भाजलेल्या पेशी मरायच्या त्या मरतच नाहीत. म्हणजे पेशी तगली, पण तगली तीच धोक्याची. बिघडलेली पेशी पुन्हा ऊन लागलं तरी टिकते, आजूबाजूच्या निरोगी पेशी मरतात आणि मोकळ्या रानात कुंदा माजावा तशी ती पसरते.

पुढे २००७ मध्ये कळलं की त्वचा रापवण्याचा संदेशही पी-५३ च देतं. मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारं द्रव्य पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं, त्यामुळे सावळ्या त्वचेला संरक्षण मिळतं, हे खरंच. पण २०१५ मध्ये त्याची दुसरी बाजूही दिसली: मेलॅनिन असलेल्या पेशींत ऊन संपल्यावरही, अंधारात, तीन-चार तास डीएनएची नासधूस चालूच राहते. दुपारी रुमाल न बांधता रानात राबलेल्या माणसाची कातडी संध्याकाळी ओट्यावर बसल्यावरही ते ऊन भोगत असते.