पोकळ गोलातले शून्य

बारावीच्या वर्गात क्रम ठरलेला असतो. आधी कुलोमचा नियम (दोन विद्युत प्रभारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते), मग गाऊसचा आणि त्यावरचे एक सोपे उदाहरण म्हणून पोकळ वाहक गोल: दिलेला प्रभार सगळा बाहेरच्या पृष्ठभागावर, आत विद्युतक्षेत्र शून्य. इतिहास मात्र उलट्या दिशेने चालला. आतले शून्य आधी दिसले, नियम त्याच्यातून शोधावा लागला.

बेंजामिन फ्रँकलिनने चांदीचे एक भांडे प्रभारित केले आणि रेशमी दोऱ्याला बांधलेला बुचाचा गोळा त्यात सोडला. बाहेरच्या बाजूला हाच गोळा चटकन ओढला जाई, आत मात्र तो ढिम्म. तळाला टेकवून वर काढला तरी त्यावर प्रभार नाही. १७५५ मध्ये एका पत्रात हे कळवताना, यामागचे कारण आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले.

पुढे ही गोष्ट जोसेफ प्रीस्टलीच्या कानावर आली. डिसेंबर १७६६ मध्ये त्याने पत्र्याच्या भांड्यात भेंडाचे गोळे सोडून प्रयोग पुन्हा केला (आपल्याकडे बाशिंगाला लागते तसला हलका गर). त्याला न्यूटनचे एक प्रमेय आठवले: पृथ्वी पोकळ कवचासारखी असती, तर आतल्या वस्तूला कवचाचे गुरुत्वाकर्षण कोणत्याच बाजूला ओढणार नाही. मग विजेचे बलही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच कमी होत असणार! १७६७ च्या आपल्या ग्रंथात त्याने हा अंदाज छापला.

युक्तिवाद देखणा आहे. गोलाच्या आत कुठलाही बिंदू घ्या आणि तिथून समोरासमोरच्या दिशांना दोन सारखे निमुळते शंकू काढा. दूरच्या भिंतीचा जो तुकडा शंकूत सापडतो, त्याचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढलेले; त्यातल्या प्रभाराचे बल तितकेच घटलेले. दोन्ही बाजू तंतोतंत फिटतात. नियमातला अंतराचा घातांक २ (म्हणजे वर्ग) सोडून दुसरा काहीही असता, तर हिशेब जुळला नसता. पण न्यूटनचे प्रमेय गोलाचे, आणि प्रीस्टलीच्या हातात होते तोंड उघडे असलेले भांडे. ही फट माझ्या मते मोठी आहे. ती बुजवली हेन्री कॅव्हेंडिशने.

कॅव्हेंडिश इतका संकोची की घरातल्या मोलकरणींना चिठ्ठ्या लिहून कामे सांगायचा. १७७२-७३ च्या सुमारास त्याने सुमारे १२ इंच व्यासाचा गोल घेतला, त्याभोवती पुठ्ठ्याचे, वरून धातूचा पातळ पत्रा चिकटवलेले दोन अर्धगोल बसवले आणि आतला-बाहेरचा तारेने जोडला. बाहेरच्याला प्रभार दिला, तार ओढून काढली, अर्धगोल बाजूला केले आणि आतला गोल भेंडाच्या गोळ्यांनी तपासला. काहीच नाही. पण तो ‘काहीच नाही’वर थांबला नाही. आपली साधने किती बारीक प्रभार पकडू शकतात, हे त्याने वेगळे तपासले. त्यावरून निष्कर्ष काढला की घातांक २ पासून फार तर १/५० ने हलू शकतो. आणि मग हे सगळे कागद तसेच ठेवून दिले. १७८५ मध्ये कुलोमने पिळाच्या तराजूने (तारेला पडणाऱ्या पिळावरून) बल थेट मोजले, छापले, आणि नियमाला नाव त्याचे लागले. कॅव्हेंडिशची टिपणे मॅक्सवेलने १८७९ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. केंब्रिजमध्ये प्रयोग सुधारून पुन्हा केला गेला, तेव्हा ती मर्यादा १/२१,६०० वर आली.

मधल्या काळात मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी चौकोनी पिंजरा उभारला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत विद्युतदर्शकाचे (प्रभार दाखवणाऱ्या उपकरणाचे) पान हलले नाही. १८४३ मध्ये बर्फाच्या बादलीचा प्रयोग झाला. प्रभारित गोळा बादलीत सोडला की आतल्या भिंतीवर विरुद्ध आणि बाहेर तितकाच, गोळ्याच्याच जातीचा प्रभार दिसतो. गोळा भिंतीकडे सरकवला तर आतली वाटणी विस्कटते, बाहेर मात्र काही कळत नाही. म्हणजे आतले शून्य हे आत सुटा प्रभार नसेल तेव्हाचेच. विद्यार्थी चुकतात ते बहुधा इथेच.

याच गुणावर प्रचंड व्होल्टता निर्माण करणारे व्हॅन डी ग्राफचे यंत्र चालते. पट्ट्याने आणलेला प्रभार पोकळ गोलाला आतून दिला की तो लगेच बाहेर निघून जातो, बाहेर आधीच कितीही साठलेला असो. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये राउंड हिलला उभारलेल्या अशा यंत्राचे गोल १५ फूट व्यासाचे होते आणि त्यांच्या आत प्रयोगशाळा थाटलेली होती. साठच्या दशकात तुर्भ्याच्या अणुकेंद्रातही याच जातीचा ५५ लाख व्होल्टचा त्वरक (कणांना वेग देणारे यंत्र) काम करू लागला.

कॅव्हेंडिशची कसोटी थांबलेली नाही. १९३६ मध्ये प्लिम्प्टन आणि लॉटन यांनी घातांकातला फरक दोन अब्जांशांच्या खाली नेला. १९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी एकात एक बसवलेली कवचे वापरून तो दशांश चिन्हानंतरच्या सोळाव्या स्थानापर्यंत रेटला. या शोधाला आता दुसरेही नाव आहे, फोटॉनच्या (प्रकाशाच्या कणाच्या) वस्तुमानाचा शोध: फोटॉनला किंचित वस्तुमान असते, तर कवचाच्या आत ते शून्य राहिले नसते.