ब्लॅकबेरी : उदय आणि घसरण

ब्लॅकबेरी म्हणजे कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या रिसर्च इन मोशन (रिम) या कंपनीचे बारीक बटणांचे फोन आणि त्यामागची ईमेलची सेवा. २०१० च्या सुरुवातीला अमेरिकेत वापरात असलेल्या दर पाच स्मार्टफोनपैकी दोन ब्लॅकबेरी होते, जगभरच्या विक्रीत वाटा साधारण पाचात एक. २०१६ च्या शेवटच्या तिमाहीत बाजाराचे आकडे गोळा करणाऱ्या गार्टनर कंपनीच्या तक्त्यात हाच आकडा ०.० टक्के आला, म्हणजे त्रेचाळीस कोटी फोनांत ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या सिस्टिमवाले जेमतेम दोन लाख. मेसेज आला की लुकलुकणारा लाल दिवा, स्क्रीनवर फिरायला बोटाखालची गोळी (ट्रॅकबॉल), मेसेज पाठवायला फोनचा पिन मागणारे मित्र हे ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको.

कंपनी माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये काढली, जिम बाल्सिली १९९२ ला आले, इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो पहिला ब्लॅकबेरी कुठला यावर. बऱ्याच ठिकाणी ‘८५०, वर्ष १९९९, म्यूनिक’ असं ठोकून दिलेलं असतं आणि तेच पुढे कॉपी होत राहतं. पण रिमचा ९५० हा पेजर त्याआधीच, १९९८ च्या सुमारास बाजारात होता, आणि जानेवारी १९९९ मध्ये ब्लॅकबेरी नावाची सेवा सुरू झाली ती याच ९५० वर, असं मानायला जास्त जागा आहे. दोन्ही यंत्रं दिसायला जवळपास सारखीच, दोन्हीत एक पेन्सिल सेल, फरक फक्त बिनतारी डेटा नेटवर्कचा : ९५० मोबिटेक्स या नेटवर्कवर चालायचा आणि ८५० डेटाटॅकवर. यांच्यावरून फोन लावता यायचा नाही, त्यामुळे काही जण पहिला मान २००२ च्या ५८१० ला देतात, तर त्यालाही कानाला लावायचा स्पीकर नव्हता, बोलायचं तर हेडसेट जोडायला लागायचा. सेवा हीच खरी वस्तू धरली तर ९५० च पहिला म्हणायला हवा, आणि पुढची घसरण समजायलाही तेच सोयीचं पडतं.

कारण मोबिटेक्स हे अगदी अरुंद नेटवर्क, त्यावरून अक्षरं जपून पाठवायची. रिमचं सगळं इंजिनिअरिंग या काटकसरीत तयार झालं. मेलचे पहिले साधारण २ केबी फोनवर यायचे, खाली स्क्रोल करत गेलात तर पुढचा तुकडा मागवला जायचा, अटॅचमेंट सर्व्हरवरच उघडून फक्त दिसण्यापुरतं पाठवलं जायचं. कंपनीच्या मेल सर्व्हरशेजारी बीइएस (ब्लॅकबेरी एंटरप्राइज सर्व्हर) नावाचा रिमचा सर्व्हर असायचा, तो रिमच्या मधल्या केंद्राशी (ऑपरेटर लोकांच्या भाषेत नॉक) सतत जोडलेला, आणि नॉककडून मेल फोनवर ढकलला जायचा, फोनने दर पाच मिनिटांनी विचारत बसायची गरज नाही, म्हणून बॅटरीही टिकायची. बीइएस ते फोन हा सगळा रस्ता एन्क्रिप्टेड, किल्ली गिऱ्हाइकाकडे, मधल्या रिमलाही वाचता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमध्ये फोन लागत नव्हते तेव्हा ब्लॅकबेरीचे मेल जात होते, त्यानंतर अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना ते वाटले गेले आणि नाव झालं. ऑपरेटरही खूष, कारण डेटा कमी लागायचा, आणि दर ग्राहकामागे महिन्याला काही रक्कम ते रिमला द्यायचे. २०१२ च्या आर्थिक वर्षात नुसत्या सेवेचं उत्पन्न चार अब्ज डॉलरच्या आसपास होतं. असा पैसा घरबसल्या येत असताना ती व्यवस्था मोडायची कुणाला सुचेल?

घसरण कधी सुरू झाली यावर एकमत नाही. जानेवारी २००७, आयफोन जाहीर झाला, संपलं, ही सर्वात लोकप्रिय तारीख. पण विक्री तसं सांगत नाही; फेब्रुवारी २०११ ला संपलेल्या वर्षात कंपनीने सव्वापाच कोटींच्या आसपास फोन विकले, उलाढाल जवळपास वीस अब्ज डॉलरची, तोपर्यंतची सर्वात मोठी. अमेरिकेत वाटा मात्र २०१० पासूनच उतरायला लागला होता, ते इंडोनेशिया, भारत, आखाती देशांतल्या खपाने झाकलं गेलं. लाझारिडिस आणि बाल्सिली या दोन सीईओंचा कारभार, एनटीपी या पेटंटवाल्या कंपनीशी चाललेला पेटंटचा खटला (२००६ मध्ये ६१.२५ कोटी डॉलर देऊन मिटवला), अ‍ॅप कमी, ही कारणं सगळीकडे दिलेली असतात आणि खोटी नाहीत, पण खटला तर आयफोनच्या आधीच मिटला होता, आणि अ‍ॅप कमी का होते हा प्रश्न उरतोच.

जास्त पटणारं कारण नेटवर्कचंच दिसतं. अख्खं वेबपेज आणि व्हिडिओ मोबाईल नेटवर्कवर ओढायचं म्हणजे नेटवर्क बसणार, असं रिमचं गणित, आणि ते चुकीचं नव्हतं : आयफोनमुळे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत एटी अँड टी या ऑपरेटरच्या नेटवर्कचे हाल झालेच, जून २०१० मध्ये त्यांनी नव्या ग्राहकांसाठी अनलिमिटेड डेटा बंदही केला. पण लोकांनी फोन सोडला नाही, ऑपरेटरने टॉवर वाढवले, आणि डेटा वाचवणं हा गुणच राहिला नाही. तोवर ब्लॅकबेरीची सिस्टिम मात्र जावा या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेवर, अ‍ॅपसाठी मेमरी तुटपुंजी, दोन-चार अ‍ॅप टाकली की वाळूचं घड्याळ फिरत बसायचं आणि बॅटरी काढून परत घालायची हाच उपाय.

रिमचा स्टॉर्म हा फोन (नोव्हेंबर २००८) इथे बघण्यासारखा आहे. आयफोन एटी अँड टीकडे होता म्हणून दुसऱ्या ऑपरेटरला, व्हेरायझनला उत्तर पाहिजे होतं. रिमने टचस्क्रीन दिला पण अख्खी काच एका बटणासारखी दाबली जाते असा, टाइप करताना प्रत्येक अक्षराला काच खाली जाऊन वर यायची, म्हणजे पटपट लिहिणं संपलं, आणि ब्लॅकबेरीवाले त्यासाठीच तर हा फोन घ्यायचे! त्यात वाय-फाय नव्हतं. एप्रिल २०११ चा प्लेबुक टॅबलेट तर स्वतःचं मेल अ‍ॅप नसताना विकायला काढला, मेल बघायचा तर शेजारी ब्लॅकबेरी फोन पाहिजे.

बीबीएम (ब्लॅकबेरी मेसेंजर, ब्लॅकबेरीवाल्यांची आपसातली मेसेजची सेवा) २००५ पासून होतं, डी (डिलिव्हर्ड) आणि आर (रेड) या अक्षरांवरून मेसेज पोचला की वाचला हे कळायचं. बाल्सिलींना ते ऑपरेटरमार्फत इतर फोनांवरही न्यायचं होतं, २०१२ मध्ये ते बारगळलं आणि बाल्सिली संचालक मंडळातूनही बाहेर पडले. अँड्रॉइड आणि आयफोनवर बीबीएम आलं ऑक्टोबर २०१३ मध्ये, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप घरोघरी होतं.

भारतात सेवा २००४ मध्ये एअरटेलने आणली, आधी ऑफिसवाल्यांसाठी, मग कर्व्ह ८५२० सारख्या स्वस्त फोनांवर कॉलेजच्या पोरांनी उचलली. २६/११ नंतर मेसेज वाचता आले पाहिजेत असा सरकारचा आग्रह वाढला, ऑगस्ट २०१० ची मुदत दिली गेली. इथे वरची किल्लीची गोष्ट कामी येते : बीइएसची किल्ली रिमकडे नव्हतीच, पण साध्या ग्राहकांचा मेल आणि बीबीएम नीट एन्क्रिप्टेड नसायचे, त्यामुळे तडजोड या दुसऱ्या भागापुरती झाली आणि २०११-१२ च्या सुमारास मुंबईत तशी यंत्रणा बसली. ऑक्टोबर २०११ मध्ये युरोपातलं केंद्र एका स्विचमुळे बंद पडलं, पर्यायी स्विच चालला नाही, आणि भारतासह अनेक देशांत दोन-तीन दिवस मेल आणि बीबीएम ठप्प. सगळं एका नॉकमधून नेण्याची ही दुसरी बाजू.

नवी सिस्टिम क्यूएनएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर बांधायची ठरलं (ती बनवणारी कंपनी रिमने २०१० मध्ये घेतली), पण बीबी१० (ब्लॅकबेरी १०) या नव्या सिस्टिमचे फोन जानेवारी २०१३ पर्यंत लांबले. तोवर दोन्ही सीईओ जाऊन थॉर्स्टन हाइन्स आले होते, नव्या सिस्टिमचा झेड१० हा फोन पडून राहिला, त्याच वर्षी नव्वद कोटी डॉलरपेक्षा जास्त माल तोट्यात टाकावा लागला आणि नोव्हेंबरात सीईओ म्हणून जॉन चेन आले. पुढचं थोडक्यात : २०१५ ला अँड्रॉइडवरचा प्रिव्ह हा फोन, सप्टेंबर २०१६ ला स्वतः फोन करणं बंद, मग फोनांसाठी ब्लॅकबेरीचं नाव टीसीएल कंपनीला आणि भारतात ऑप्टिमस कंपनीला भाड्याने. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनांच्या सेवा बंद केल्या. कंपनी आता सुरक्षेचं सॉफ्टवेअर विकते, आणि क्यूएनएक्स मोटारींमध्ये चालतं.